मिशन सेवेचं पाचारण मला आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नर्स. प्रशिक्षण मिरजेत झालं. पुढे अकरा वर्षं सातपुड्यातल्या एका पाड्यावर मिशनचा छोटा दवाखाना सांभाळला आणि आईच्या आजारपणात सांगलीला आले ती इथलीच झाले. तेव्हापासून सांगली, मिरज, तासगाव, कराड, सातारा इथल्या मंडळ्यांमधली तरुण मुलंमुली घरी येतात. कुणी उपासना सुटल्यावर, कुणी कामावरून परस्पर. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलतात आणि कप खाली ठेवता ठेवता मुद्द्यावर येतात: "मावशी, प्रभू मला सेवेला बोलावतोय असं वाटतंय. पण खरं कसं समजायचं?" त्या बोलण्यांमध्ये जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघाले ते इथं एकत्र केले आहेत. काहींना लांब उत्तर लागतं, काहींना दोन वाक्यं पुरतात.

पाचारण म्हणजे नेमकं काय? ते तर सगळ्याच ख्रिस्ती माणसांना असतं ना?

असतं. बाप्तिस्मा घेतला त्याच दिवशी साक्ष द्यायचं काम आपल्याकडे आलं. बँकेत बसणारा, द्राक्षबाग करणारा, रिक्षा चालवणारा, सगळे त्यात आले. पाळकाची दीक्षा ही आणखी वेगळी गोष्ट. इथं आपण बोलतोय ते मिशन सेवेबद्दल: आपली माणसं, आपली बोली, आपलं जेवणखाण मागे ठेवून, जिथं ख्रिस्ताचं नाव किंवा त्याच्या नावाने होणारी सेवा पोचलेली नाही तिथं जाऊन राहणं. त्यात "राहणं" हा शब्द मी मुद्दाम वापरते. दोन दिवसांचा दौरा काढून पत्रकं वाटून येणं ही मिशन सेवा नव्हे.

मला कधी आवाज ऐकू आला नाही, स्वप्न पडलं नाही. मग पाचारण नाही असं समजायचं का?

शमुवेलाची गोष्ट संडे स्कूलमध्ये आपण सगळे शिकलो. ती पुन्हा सावकाश वाचा. त्याला आवाज स्पष्ट ऐकू आला, तरी तो ओळखू आला नाही. तीनदा उठून तो मंदिरातल्या याजक एलीकडे धावला. हाक देवाची आहे हे कळलं एलीला. एली म्हातारा, डोळ्यांनी अधू, स्वतःच्या मुलांपुढे हरलेला. तरीही ओळखलं त्यानेच. माझं सगळं म्हणणं या एका प्रसंगात आहे: हाक एकट्याच्या कानावर येते, पण ती कुणाची हे बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मदतीनेच कळतं.

माझ्या बाबतीत आवाज नव्हता, स्वप्नही नव्हतं. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी रात्रपाळी होती. सीमेपलीकडून आलेली एक कानडी बाई पोटाच्या ऑपरेशननंतर कण्हत होती. मला कन्नड येत नव्हतं. इंजेक्शन देऊन मी पुढच्या खाटेकडे वळले, तर तिने माझ्या ॲप्रनचं टोक धरलं. काहीतरी सांगत होती. मी "हो, हो" म्हणत टोक सोडवून घेतलं आणि गेले. सकाळी कळलं की तिला तहान लागली होती आणि घोटभर पाणी चालेल का एवढंच विचारायचं होतं. त्या वेळी ते चाललं नसतंच, पण ओला कापूस ओठांना लावता आला असता. ती बाई बरी होऊन घरी गेली. माझ्या मनातून मात्र ते टोक सुटलं नाही. ज्यांचं बोलणं समजून घ्यायला कुणी थांबत नाही अशा माणसांत जाऊन राहावं, हा विचार तिथून सुरू झाला आणि चार वर्षं डोक्यात भुंग्यासारखा राहिला. पाचारण असंही येतं.

नारायण वामन टिळकांचं बघा. त्यांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार वाचायला दिला. वीज कोसळली नाही. माणूस वाचत राहिला, डोंगरावरच्या प्रवचनात गुंतला, मनाशी भांडला आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मधला काळ साधा वाचनाचा आणि विचाराचा होता.

पाचारण आणि नुसता हुरूप यात फरक कसा ओळखायचा?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शिबिराच्या शेवटच्या रात्री दिवे मंद असतात, भजन चालू असतं, वक्ता विचारतो, "कोण जाईल?" आणि हात वर जातो. त्या हाताला मी कमी लेखत नाही. यशयाने "हा मी आहे, मला पाठव" म्हटलं तेही मंदिरातच, भारावलेल्या घटकेला. पण हात वर करणं ही सुरुवात आहे. शिबिरानंतर सहा महिन्यांनी, पगार झाला आहे, घरी लग्नाच्या गोष्टी चालू आहेत, मित्र पुण्याला चांगल्या नोकरीला लागला आहे, तेव्हाही तो विचार मनात आहे का? हुरूप असेल तर तो दुसऱ्या कशात तरी जिरतो. पाचारण असेल तर ते कामात असताना, कंटाळ्यात, आजारपणातसुद्धा परत परत वर येतं.

दुसरी खूण मला एका पाळकीणबाईंनी दाखवली. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना सांगायला गेले होते की मला मिशनला जायचं आहे. त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. सूप माझ्यापुढे सरकवलं, म्हणाल्या, "फोड." बराच वेळ दोघी शेंगा फोडत होतो. मग विचारलं, "मागच्या महिन्यात आजारी माणसाला भेटायला कुणाकडे गेली होतीस? वॉर्डातलं सोड, ते पगाराचं." मी आठवू लागले. एकही नाव सांगता आलं नाही. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आधी कंपाउंडच्या भिंतीपलीकडे जाऊन बघ. मग डोंगरापलीकडचं बोलू." पुढचं दीड वर्ष मी दर शनिवारी स्टेशनच्या मागच्या वस्तीत जात होते. पहिले तीन महिने नकोसे झाले होते. नंतर शनिवार कधी येतो असं व्हायला लागलं. तेव्हा त्याच बाईंनी स्वतः माझ्यासाठी शिफारसपत्र लिहायला घेतलं.

जे इथं करत नाही ते तिथं जाऊन होईल अशी आशा धरू नका. जागा बदलल्याने माणूस बदलत नाही.

नोकरी लागत नाही, परीक्षेत अपयश आलं, लग्न मोडलं. अशा वेळी सेवेचा विचार येतो. तो खोटा असतो का?

खोटाच असतो असं नाही. मोडलेल्या मनात देव बोलतो, हे मी खूप जणांच्या बाबतीत पाहिलं आहे. पण जखम ओली असताना निर्णय घेऊ नका. पळून जाणं आणि पाठवलं जाणं, दोन्हींत पिशवी भरावी लागते, त्यामुळे सुरुवातीला दोन्ही सारखंच दिसतं. एक करून पाहा: समजा उद्या नोकरीचं पत्र आलं, ते लग्न पुन्हा जुळलं, तरीही जावंसं वाटेल का? उत्तर द्यायला वेळ लागत असेल तर वर्षभर थांबा. त्या वर्षात मन बरं होऊ द्या आणि कुणातरी जाणत्या माणसाशी बोलत राहा.

गिदोनासारखं चिन्ह मागितलं तर चालेल का?

गिदोनाला काय करायचं ते आधीच सांगितलं होतं. रात्री ठेवलेली लोकर तेवढी दवाने भिजावी आणि जमीन कोरडी राहावी, ही मागणी त्याच्या भीतीतून आली आणि देवाने त्या भित्र्या माणसाला सांभाळून घेतलं. त्यामुळे चिन्ह मागणाऱ्याला मी टाकून बोलणार नाही. पण सातची एसटी वेळेवर आली तर होकार, डोळे मिटून शास्त्र उघडल्यावर बोट ज्या वचनावर पडेल ते उत्तर, होय-नाहीच्या चिठ्ठ्या टाकणं, यावर आयुष्य टांगू नका. पवित्र शास्त्र रोज क्रमाने वाचणाऱ्याला त्यातून जी दिशा मिळते ती टिकते.

हा माझा आणि देवाचा प्रश्न आहे. मंडळीला कशाला विचारायचं?

कारण प्रेषितांची कृत्ये तेराव्या अध्यायात पौल आणि बर्णबा यांना पाठवलं ते अंत्युखियाच्या मंडळीने. मंडळी उपासना आणि उपास करत असताना पवित्र आत्मा बोलला, त्यांनी पुन्हा उपास आणि प्रार्थना केली, दोघांवर हात ठेवले आणि मग निरोप दिला. मंडळीने आपली सगळ्यात कामाची माणसं दिली हेही लक्षात घ्या. पुढे सोळाव्या अध्यायात त्रोवस इथं रात्री पौलाला मासेदोनियाचा माणूस दिसतो. दर्शन एकट्या पौलाला झालं, पण देवाने बोलावलं आहे असं अनुमान काढलं ते "आम्ही", असं लूक लिहितो. आणि त्याआधी आशिया प्रांतात आणि बिथुनियात जायची वाट आत्म्याने अडवली होती. दार बंद होणं हेही मार्गदर्शनच असतं.

व्यवहारात असं करा. तीन किंवा चार माणसं निवडा. एक पाळक किंवा मंडळीतले वडील, एक तुमच्याच वयाचा मित्र, एक असा माणूस जो तुमच्याशी आर्थिक व्यवहार करून बसला आहे, आणि एक जण ज्याला तुमचा राग, आळस, उधारी सगळं ठाऊक आहे. फक्त कौतुक करणारी माणसं गोळा केलीत तर काही कळणार नाही. महिन्यातून एकदा, सहा महिने, यांच्यासोबत बसा. प्रार्थना करा आणि मग त्यांना बोलू द्या. शेवटच्या बैठकीत प्रत्येकाने स्पष्ट सांगायचं: जा, थांब, किंवा माझ्या मते हे तुझं काम नाही. तिसरं उत्तर ऐकायची तयारी नसेल तर बैठक बोलावूच नका.

पाळकसाहेब म्हणतात, "तू गेलास तर इथला तरुण संघ कोण बघणार?"

त्यांची अडचण खरी आहे. तरुण संघ सांभाळणारा दुसरा मुलगा तयार करा आणि मग त्यांच्याकडे पुन्हा जा. त्या कामात तुमचीही पारख होईल, कारण मिशनवर सगळा खटाटोप आपल्यामागे काम चालू राहावं यासाठीच असतो.

आई-वडील तयार नाहीत. एकुलता एक आहे. काय करू?

यावर माझ्या घरी जितके अश्रू सांडले आहेत तितके दुसऱ्या कशावर नाहीत. "माझ्यावर प्रेम करणाऱ्याने बाप, आई सोडावी" असं म्हणून आई-वडिलांशी भांडून निघालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना मी शास्त्रातल्याच दोन जागा दाखवते. देवाला अर्पण केलं असं म्हणून आई-बापांची जबाबदारी झटकणाऱ्यांना प्रभू येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात खडसावलं आहे. आणि पौल तीमथ्याला लिहितो की स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणारा माणूस विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट. तेव्हा आधी हिशेब करा. वडील मार्केट यार्डात हळदीची पोती उचलत असतील आणि गुडघे गेले असतील, तर त्यांच्या औषधाचं, भाड्याचं, बहिणीच्या शिक्षणाचं काय, ते कागदावर लिहा. त्याची सोय लागेपर्यंत थांबणं म्हणजे आज्ञा मोडणं नव्हे.

पण हिशेब जमतो आणि तरी नकार असेल, तर तो बहुतेक वेळा भीतीचा असतो. तिथं वाद घालू नका, वेळ द्या. मी सांगितलं तेव्हा माझ्या अप्पांनी आठ दिवस बोलणं टाकलं. जेवायला बसले की ताटाकडे बघायचे. नवव्या दिवशी सकाळी माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढली, अंगणात नेऊन पुसली, कडी अडकत होती तिला शिवणयंत्राचं तेल दिलं आणि दोन-चार वेळा उघडझाप करून बघितली. मला काही म्हणाले नाहीत. मी आत जाऊन रडले.

आणखी एक. घरचे ख्रिस्ती नसतील तर तुमच्या जाण्याचा अर्थ त्यांना अगदी वेगळा लागेल. तुम्ही त्यांना सोडून दिलंत असं त्यांना वाटेल. सणावाराला घरी जा, आजारपणात हजर राहा, पैसे पाठवा. बोलण्याने जे पटत नाही ते वर्षानुवर्षं अशा वागण्याने पटू शकतं.

नवरा-बायकोपैकी एकालाच पाचारण वाटत असेल तर?

थांबा. माझं मत याबाबतीत पक्कं आहे.

विल्यम केरींचं नाव आपण आदराने घेतो. १८११ साली सेरामपूरहून मराठी नवा करार निघाला तो त्यांच्याच खटपटीने. पण त्यांची पत्नी डोरोथी भारतात यायला तयार नव्हती. १७९३ साली अगदी शेवटच्या क्षणी ती निघाली. पुढच्याच वर्षी त्यांचा लहान मुलगा पीटर वारला, तिचं मानसिक संतुलन ढळलं आणि १८०७ साली मृत्यू येईपर्यंत ते सावरलं नाही. केरींच्या कामाची गाथा सांगताना ही बाजू गाळू नये असं मला वाटतं. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण आहे. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या बरोबर नव्हत्या. काही वर्षं ताटातूट झाली. स्वतःची वाट स्वतः चालून त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला, आणि मग जे सहजीवन उभं राहिलं त्याचा उजेड आजही आपल्याला मिळतो. जोडीदाराला त्याचा वेळ मिळाला पाहिजे. ओढून नेलेली बायको किंवा नवरा म्हणजे सेवेच्या पहिल्याच दिवशी केलेला अन्याय.

मी मुलगी आहे, लग्न झालेलं नाही. एकटीला जाता येईल का?

सिंथिया फरार ही अविवाहित बाई अमेरिकेतून १८२७ साली मुंबईला आली आणि मराठी मुलींच्या शाळांसाठी आधी मुंबईत, मग अहमदनगरला खपली. १८६२ साली तिथंच वारली. पंडिता रमाबाई विधवा, पदरी एक लेक, आणि केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. तेव्हा "जाता येईल का" याचं उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच मिळालं आहे.

तुम्ही विचारायला हवं ते वेगळं. राहायची जागा कशी आहे, दाराला आतून कडी आहे का, सोबत दुसरी बाई कोण, रात्री अडचण आली तर गाडी कुठून येणार, वर्षातून किती रजा. संस्थेत दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष कोण, ते नाव विचारा. विचारताना संकोच वाटला तरी विचारा. "विश्वासाने निघा, प्रभू सांभाळेल" असं म्हणून या प्रश्नांना बगल देणाऱ्या संस्थेत जाऊ नका.

सेमिनरीचं शिक्षण लागतंच का?

कामावर अवलंबून आहे. वचनाची शिकवण देणार, मंडळ्या उभ्या करणार, तर लागतं. आपल्याला जवळ म्हणजे पुण्यातली युनियन बिब्लिकल सेमिनरी. ती १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. प्रवेशाला मंडळीची शिफारस लागते. बी.डी. ही धर्मशिक्षणाची पदवी करायची तर पदवीनंतर चार वर्षं धरून चाला.

पण मिशनच्या कामाला नर्स, लॅब टेक्निशियन, शिक्षक, शेतीतला पदवीधर, हिशेबनीस, ड्रायव्हर सगळे लागतात. आपलं मिरजच बघा. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ साली भारतात आले, १८९४ साली इथं रुग्णालय उभं राहिलं आणि जवळजवळ चाळीस वर्षं त्या माणसाने इथं शस्त्रक्रिया केल्या. ज्या भागाला त्यांच्या नावावरून वॉनलेसवाडी म्हणतात तिथून आपण रोज सांगली-मिरज ये-जा करतो. कसब हेही पाचारणाचं एक अंग आहे. पौल स्वतः तंबू शिवत होता.

एक शिक्षण मात्र कुणालाच चुकत नाही, ते भाषेचं. सातपुड्यात पहिले सहा महिने मी पाड्यावरच्या बायकांबरोबर पाणी भरलं, पोरं सांभाळली आणि चुकीचं बोलले. एक म्हातारी माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करायची आणि मी पुन्हा चुकले की माझ्या कपाळावर टिचकी मारायची. पदवीधर नर्स तिच्यापुढे पहिलीतली पोर. ज्यांना असं पोर होणं सोसत नाही त्यांना हे काम जड जातं, मग पदव्या कितीही असोत.

संस्था कशी निवडायची? आणि पैशाचं काय?

पैशाबद्दल विचारणं म्हणजे अविश्वास, अशी एक समजूत आपल्या मंडळ्यांमध्ये आहे. ती काढून टाका. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, हे प्रभूनेच सांगितलं आहे.

मी ज्या संस्थेतून पहिल्यांदा गेले, तिने नेमणुकीचं पत्र दिलं नव्हतं. तोंडी सांगितलेलं मानधन पहिले दोन महिने आलं, मग पाच महिने आलंच नाही. विचारलं की "प्रार्थना करा" असं उत्तर. मी पाड्यावरच्या लोकांच्या भाकरीवर जगत होते, आणि ज्यांना द्यायला गेले होते त्यांच्याच तोंडचं खात होते. आजारी पडल्यावर औषधाला पैसे नव्हते. शेवटी मिरजेच्या माझ्या मंडळीतल्या बायकांनी आपसात वर्गणी काढून मनीऑर्डर केली. पुढे मी दुसऱ्या संस्थेतून काम केलं आणि तिथं महिन्याच्या पाच तारखेला मानधन यायचं, कमी असायचं, पण यायचं. म्हणून सांगते, निघायच्या आधी लेखी पत्र घ्या. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे किंवा अन्य कायद्याने नोंदलेली आहे का, हिशेबाचं ऑडिट होतं का, परदेशी देणगी घेत असेल तर २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी आहे का, आरोग्य विमा, भविष्यनिर्वाह निधी, मुलांच्या शाळेची सोय काय, हे विचारा. आणि त्या संस्थेतून परत आलेल्या दोन माणसांना गाठून बोला. गेलेल्यांपेक्षा परत आलेले जास्त खरं सांगतात.

हे काम कायद्यात बसतं का? लोक धर्मांतराचा आरोप करतात.

संविधानाचा पंचविसावा अनुच्छेद प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचं आणि आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं, त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतो. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. शिवाय बऱ्याच राज्यांत या विषयावर स्वतंत्र कायदे आहेत. ते बदलतही असतात. ज्या राज्यात जाणार तिथल्या वकिलाकडून त्या वेळी लागू असलेला कायदा समजावून घ्या आणि तो पाळा.

कायद्याच्या पलीकडचंही सांगते. औषधाच्या पुडीबरोबर प्रार्थनेची अट घालणारा माणूस सुवार्तेचा अपमान करतो. आमच्या दवाखान्यात येणाऱ्या शंभरातल्या बहुतेकांनी येशूबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यांचंही ड्रेसिंग तितक्याच काळजीने झालं. ज्याने विचारलं त्याला सांगितलं. धर्म बदललेल्या डोक्यांचे आकडे मागणारी संस्था असेल तर तिकडे फिरकू नका. आणि गावातल्या लोकांच्या देवांबद्दल, सणांबद्दल तुच्छतेने बोलायची सवय असेल तर ती इथंच सोडून जा, नाहीतर जाऊच नका.

लांबच जायला हवं का? इथं राहून मिशन सेवा होत नाही का?

गरसेकरांच्या प्रदेशातल्या त्या भूतग्रस्ताची गोष्ट मला फार जवळची वाटते. बरा झाल्यावर तो नावेजवळ येऊन विनवत होता, मला बरोबर येऊ द्या. प्रभूने नाही म्हटलं. आपल्या घरी, आपल्या लोकांकडे जा, असं सांगितलं. म्हणजे जायची तळमळ खरी असूनही उत्तर "इथंच राहा" असू शकतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या दारात काय आहे ते बघा. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर येतात. उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. आई-बाप पहाटे फडात जातात, आठ वर्षांची मुलगी धाकट्याला काखोटीला मारून कोपीत थांबते, शाळा गावाकडे राहिलेली. मी आणि मंडळीतल्या दोघी गेली काही वर्षं गुरुवारी झोळीचा वजनकाटा घेऊन तिथं जातो. मुलाला झोळीत घालायचं, काटा थरथरून स्थिर होईपर्यंत थांबायचं, आकडा वहीत लिहायचा. एक आई तो आकडा दर आठवड्याला मला तीनदा वाचायला लावायची, कारण तिला अक्षरओळख नव्हती आणि लेकरू वाढतंय हे पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं. जत तालुक्याच्या कानडी बोलणाऱ्या गावांतही तसंच काम पडलं आहे. तिथं जाताना मला ॲप्रनचं टोक धरणारी ती बाई आठवते. मी साठीला टेकले तेव्हा कन्नड शिकायला घेतलं.

वय जास्त झालं आहे. आता काय उपयोग?

टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला येऊन "देवाचा दरबार" हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. हातात फक्त दोन वर्षं उरली होती. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. त्या दोन वर्षांना उशीर झालेला म्हणायचं धाडस मला होत नाही.

मी त्या योग्यतेचा नाही असं सारखं वाटतं.

मोशेलाही वाटलं होतं. मात्र चालू असलेलं व्यसन, कुणाचे बुडवलेले पैसे, कुणाशी धरलेला अबोला असेल तर ते "अयोग्यतेची भावना" या नावाखाली झाकू नका. ते निस्तरता येतं. आधी निस्तरा.

मी कॅथलिक आहे. हे सगळं मला लागू पडतं का?

बरंचसं. तुमच्याकडे पारखायची वाट जास्त आखीव आहे: आध्यात्मिक मार्गदर्शक, मग उमेदवारीची वर्षं, मग व्रतं. संत इग्नेशियस यांचा एक नियम मी आमच्या मुलांनाही सांगते: मन कोरडं, उदास झालेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नका. उजेडात ठरवलेलं अंधारात मोडायचं नाही.

गेलो आणि जमलं नाही, परत यावं लागलं तर?

योहान मार्क पर्गाहून परत फिरला. त्यावरून पुढे पौल आणि बर्णबा यांच्यात इतकं बिनसलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आणि तोच पौल म्हातारपणी तुरुंगातून लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत मार्काला बर्णबाने सोबत ठेवलं होतं म्हणून हे घडलं.

मी परत आले तेव्हा मंडळीत काही जण विचारायचे, "सोडून आलीस?" आईचं डायपर बदलून उपासनेला यायचे आणि तो प्रश्न ऐकायचा. वर्षभर मी शेवटच्या बाकावर बसून शेवटच्या भजनाच्या आधी निघून जात असे. मंडळ्यांना माझी विनंती आहे: पाठवताना हार घालता, तसं परत आलेल्याला जेवायला बोलवा. पहिल्या महिन्यात काही विचारू नका. आणि जाणाऱ्यांना सांगते, परत यावं लागलं म्हणून बोलावणं खोटं ठरत नाही. अकरा वर्षांसाठी बोलावलं होतं, अकरा वर्षं झाली.

निघायचं ठरलं. सोबत काय न्यावं?

कमी न्या. दोन जाड चादरी, टॉर्च, स्टीलचा डबा, स्वतःची औषधं तीन महिन्यांची, रोज वाचायचं शास्त्र, कोरी वही. वहीत पहिल्या दिवसापासून माणसांची नावं लिहा, नाती लिहा, कोण कुणाची सून, कुणाचं मूल वारलं. मला ती वही औषधांच्या पेटीइतकी उपयोगी पडली. घरी दर आठवड्याला फोन करा. रेंज नसेल तर पत्र लिहा, टपाल अजून पोचतं. आणि सामान ठेवायला कडीची ट्रंक बरी, उंदीर बॅग कुरतडतात.

माझी ट्रंक आता माझ्याकडे नाही. गेल्या जूनमध्ये साताऱ्याकडची एक मुलगी नेमणुकीवर गेली, ती घेऊन गेली. देताना कडी पुन्हा अडकत होती. शिवणयंत्राचं तेल घरात होतं, ते दिलं.